दुसऱ्यांचं दार

मंगळवारी सकाळी आमच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली आणि आतल्या दाराचा लाल दांडा मी वर उचलला. तो उचलायचा नव्हता, फिरवायचा होता. त्याच्या बाजूला पंजाएवढा पांढरा बाण रंगवलेला होता, डावीकडून उजवीकडे जाणारा, ठळक. माझा हात मात्र खालून गेला, तळवा वर, कोपर अंगाशी, अगदी शास्त्रशुद्ध, आणि दांड्याला त्याने वर ओढलं. दांडा हलला नाही. मी आणखी जोराने ओढलं. मग नजर बाणावर गेली, मी दांडा फिरवला, दार उघडलं. खाली दुसरा मजला हातभर अंतरावर होता. चौथ्या मजल्यावरच्या मावशींना मी आधी बसवलं, मग उतरवलं, त्यांची पिशवी हातात दिली. सगळं मिळून मिनिटभराचं काम. "बाई गं, तू होतीस म्हणून बरं," मावशी म्हणाल्या. "मी एकटी असते तर तिथेच मेले असते. विमानातलं शिक्षण ते शिक्षण!" मी हसले आणि त्यांच्याबरोबर जिना उतरू लागले. पण उतरताना माझा उजवा हात मला कोणीतरी धरायला दिलेल्या वस्तूसारखा वाटत होता. तो चार सेकंद चुकला होता. मी मोजले होते. आमच्या धंद्यात सेकंद मोजावे लागत नाहीत, ते आपोआप मोजले जातात.

कोणालाही वाटेल, त्यात काय एवढं? लिफ्ट म्हणजे विमान नव्हे. पण गेले सहा आठवडे मी रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच हेच शिकवत होते की बाण बघा आणि दांडा बाणाच्या दिशेने फिरवा. आमची कंपनी आणि दुसरी एक कंपनी, दोन्ही एक झाल्या होत्या. बाहेरच्या लोकांना दिसला तो नवा रंग आणि नवं नाव. आम्हाला दिसली दारं. आमच्या विमानाचं दार दांडा वर उचलला की उघडतं. त्यांच्या विमानाचं दार दांडा अर्धवर्तुळात फिरवला की उघडतं. आमच्याकडे संकटात प्रवाशांना उतरवायची घसरगुंडी दाराला जोडायची तर एक छोटी कळ खाली सरकवायची. त्यांच्याकडे गुडघ्यावर बसून एक लोखंडी पट्टी जमिनीतल्या खोबणीत अडकवायची. प्रवाशाला दोन्ही दारं सारखीच दिसतात. शांत दिवशी तशी ती असतातही. म्हणून नियमांचं नवं पुस्तक तयार झालं. दुसऱ्या बाजूच्या विमानाचं प्रशिक्षण झाल्याशिवाय कोणीही त्या विमानात कामाला उभं राहायचं नाही. प्रत्येकाने प्रत्येक प्रकारचं दार स्वतःच्या हाताने, एकदा शांतपणे आणि एकदा धुरात, उघडून दाखवायचं. दोन सेकंदांपेक्षा जास्त अडखळलं तर परत पहिल्यापासून. कडक नियम होते, आणि ते कडक असावेत म्हणून समितीत भांडले होते ती मीच. चौदावं कलमही माझंच होतं. शेवटच्या बैठकीत, सगळे घड्याळाकडे बघायला लागले तेव्हा मी म्हटलं होतं की प्रशिक्षकांची वेगळी परीक्षा कशाला, जे शिकवतात त्यांना शिकलेलंच मानावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. वाक्य इतकं सरळ होतं की साहेबांनी ते जसंच्या तसं टाइप करून घेतलं. 'प्रशिक्षकास प्रशिक्षित मानण्यात येईल.' सहा आठवडे मी त्यांच्या दाराशेजारी उभी राहून पासष्ट जणांना 'फिरवा' म्हटलं होतं. धुरात, भोंगा वाजत असताना, मी स्वतः ते एकदाही फिरवलं नव्हतं.

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये विमानाचे दोन कापलेले तुकडे शेजारीशेजारी उभे आहेत. आतून अगदी खरे, बाहेरून फळ्या आणि खिळे. आम्ही त्यांना खोकी म्हणतो. एक आमचं खोकं, एक त्यांचं, मधे घसरगुंडीखालच्या निळ्या गाद्या. मंगळवारी मी पोचले तेव्हा नवी तुकडी माझी वाटच बघत होती. त्यांच्यातली एक उंच मुलगी, जिला सगळे शिडी म्हणतात, हलक्या आवाजात शेजारणीला सांगत होती, "बघ, बाई कधी ओरडत नाहीत. बाई सांगतात आणि विमान ऐकतं." मला ऐकू आलं. एरवी मला अशा गोष्टींची गंमत वाटते. त्या दिवशी मी नुसतीच हजेरी घेतली. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांच्या खोक्यात शिरले, बसायच्या जागेवर पट्टा बांधून बसले, उठले, खिडकीतून बाहेर पाहिलं, दांडा बाणाच्या दिशेने फिरवला. दार उघडलं. पुन्हा केलं. पुन्हा उघडलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा बरोबर. कोणाला दाखवायला हे पुरे होतं. मला पुरे नव्हतं, कारण शांत माणसाचा हात खूण वाचतो आणि घाबरलेल्या माणसाचा हात सवय आठवतो, हे वाक्य मी गेली दहा वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. लिफ्टमध्ये मी घाबरले होते का? नाही. एवढंसंही नाही. हीच गोष्ट मला बोचत होती. घाबरायच्याही आधी हात निघून गेला होता.

या हाताचं नाव मोठं आहे. ऑफिसच्या लांब गल्लीत माझा एक फोटो लावलेला आहे, अकरा वर्षांपूर्वीचा. त्या दिवशी विमान उतरल्यावर मागच्या बाजूने धूर आत आला. मी मागच्या डाव्या दाराशी होते. माझ्या दारातून त्रेसष्ट माणसं उतरली, सगळी आपल्या पायांनी. नंतर चौकशीत मला विचारलं, दार उघडताना तुम्ही काय विचार केला? मी म्हटलं, काही नाही. त्यांना वाटलं, बाई विनयाने बोलतेय. मी खरं सांगत होते. मला दार आठवतच नाही. मला आठवतो एक तपकिरी बूट, एका माणसाचा, घसरगुंडीच्या तोंडाशी उलटा पडलेला, आणि त्याची नाडी किती व्यवस्थित बांधलेली होती ते. मधलं सगळं हाताने केलं. मी तिथे नव्हतेच. तेव्हापासून माझा सगळा आत्मविश्वास या हातावर उभा आहे, आणि तो खोटा नाही. माझ्यासारखं दार दोन्ही कंपन्यांत कोणी उघडत नाही, हे मी फुशारकीने म्हणत नाही, उंची सांगावी तसं सांगते. पण ज्या हाताने त्रेसष्ट माणसं उतरवली तोच हात मंगळवारी लिफ्टमध्ये चुकला होता, आणि दोन्ही वेळा एकाच कारणाने. त्याने मला विचारलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा हे पुढच्या खोलीत कामाला बसले होते. हे दात तयार करतात. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, हे कवळ्या बनवतात. टेबलावर नेहमी कोणाचं ना कोणाचं हसू पडलेलं असतं. मी लिफ्टचं सांगितलं. त्यांनी एक खालची कवळी दिव्याशी धरून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "नवे दात बसवले ना, की माणूस महिनाभर जुन्याच दातांनी चावतो."

"अहो, पण जुने तर पडलेले असतात."

"तेच तर. पडलेल्या दातांनी चावतो. जीभ चावली गेली की मग कळतं." त्यांनी कवळी खाली ठेवली. "तुझी जीभ चावली गेली का?"

"अजून नाही."

"मग सांगतेस कोणाला? मला सांगून काय उपयोग? मी काही तुझा साहेब नाही. आणि आता घरातलं स्नानघराचं दार तरी नीट उघडतेस ना, की तिथेही धूर सोडू?"

मी हसले, पण त्यांनी नेमका प्रश्न विचारला होता. सांगायचं कोणाला? येत्या सोमवारी दोन्ही बाजूंचा मिळून पहिला क्रू उडणार होता, त्यांच्या विमानात, आणि त्याची प्रमुख मी होते. साहेबांना गल्लीतल्या फोटोचा चेहरा विमानाच्या दारात हवा होता. त्यानंतर मुख्य प्रशिक्षकाच्या दोन खुर्च्यांची एक खुर्ची होणार होती. एक माझी, एक त्यांच्याकडच्या बाईंची. त्यांना त्यांच्याकडचे लोक घंटी म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि आवाज ऐकला की कारण विचारावं लागत नाही. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, चालताना टाचा वाजवणारी, चुकलेल्या मुलीला सगळ्यांदेखत हसवून बरोबर करून घेणारी. खुर्ची मलाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. मीही.

बुधवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे बसले. सकाळचा एक तास मी बोलत नाही. माळ होते, मग दिवस सुरू होतो. लग्नाच्या आधीपासूनचा नेम आहे, आजारपणातही चुकलेला नाही, परदेशातल्या हॉटेलच्या खोल्यांतही नाही. त्या दिवशी माळ संपली, मेरुमणी बोटांना लागला, आणि मला जाणवलं की मधले मणी मला आठवत नाहीत. सुरुवातीचे चार-पाच आठवतात, शेवटचा आठवतो. मधे कोण होतं? हात होता. बोटं एकेक मणी ओढत राहिली आणि मी खोक्यात जाऊन आले, साहेबांशी बोलून आले, अगदी शिडीच्या बुटांचा नंबरसुद्धा ठरवून आले. इतकी वर्षं मी ज्याचं नाव घेते आहे त्याने किती वेळा दार वाजवलं असेल आणि आतून फक्त माझा हात 'आहे, आहे' म्हणत राहिला असेल. पण रडूबिडू आलं नाही. मला रडण्यापेक्षा मोजणं जमतं. मी माळ पुन्हा घेतली आणि या वेळी प्रत्येक मण्याला थांबले. दुप्पट वेळ लागला. मौनाचा तास दीड तासाचा झाला, ह्यांचा चहा त्यांनीच करून घेतला, आणि उठताना मला कळलेलं होतं की हॉलमध्ये जाऊन काय करायचं.

घंटी त्यांच्या खोक्याच्या पायरीवर बसून डब्यातलं काहीतरी खात होती. मी म्हटलं, "मला तुमच्या दारावर परीक्षा द्यायची आहे. धुरात."

"ताई, परीक्षा घ्यायला आलात की द्यायला?" तिने डब्याचं झाकण लावलं. ती मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायची, आणि त्या ताईला थोडी धार असायची.

"द्यायला."

"चौदावं कलम विसरलात? तुम्ही आपोआप पास. मीही आपोआप पास. देवाने दिलेला पास."

"देवाने नाही, मी दिलाय. म्हणून म्हणते."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग उठली, हॉलचं दार आतून लावलं, धुराचं यंत्र सुरू केलं. त्या धुराला जळलेल्या साखरेचा वास येतो, त्याने काही होत नाही, नुसतं दिसेनासं होतं. मी बसले, पट्टा बांधला. दिवे गेले. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि तेच ती बरोबर करत होती. कधी, हे माणसाला कळू द्यायचं नाही. मग भोंगा कडाडला आणि तिचा आवाज, शंभर माणसांना पुरेल असा, "बाहेर! बाहेर! सगळं सोडा, बाहेर!" मी पट्टा सोडला, उठले, खिडकीला डोळा लावला, बाहेर आग नाही, हात दांड्यावर. आणि हात वर ओढू लागला. मी त्याला पाहत होते. धुरात मला स्वतःचा हात दिसत नव्हता, तरीही मी त्याला पाहत होते, तळवा वर, कोपर अंगाशी, इतका निष्ठेने चुकत होता की मला त्याची दया आली. एकदा ओढलं. पुन्हा ओढलं. मग मी त्याला, अक्षरशः एखाद्या म्हाताऱ्या माणसाला वळवावं तसं, वळवलं. दार उघडलं.

दिवे लागले. घंटी खाली गाद्यांशेजारी उभी होती, हातात थांबवलेलं घड्याळ. ती यंत्राच्या धुराकडे बघत होती. "धूर जरा जास्तच झाला," ती म्हणाली. "मला काही दिसलं नाही, ताई."

"तुमच्या हातात घड्याळ होतं."

"घड्याळ काय, बंद पडतं कधीकधी."

"पडलं होतं का?"

तिने घड्याळ माझ्याकडे वळवलं. खाली बघून म्हणाली, "साडेचार."

"लिहा."

"ताई, हे लिहिलं की सोमवार गेला तुमचा. आणि सोमवार गेला की..." तिने खुर्चीचं नाव घेतलं नाही. "लोक म्हणतील घंटीने पाडलं. मला ते नको."

"लोक काहीही म्हणतील. साडेचार सेकंदांत आठ माणसं उतरतात. तुम्हीच शिकवता ना?"

तिने लिहिलं. तिचं अक्षर फार सुंदर आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांच्या टेबलावर दोन्ही कंपन्यांची वेळापत्रकं एकावर एक ठेवलेली असतात आणि ते दिवसभर त्यांतून एक वेळापत्रक काढायचा प्रयत्न करत असतात. गुरुवारी मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला. "बाई, तुम्ही संत आहात, मान्य. पण मला सोमवारी विमान उडवायचंय."

"उडवा. मी त्यात नसेन."

"बरं. गुपचूप नाव काढतो. तब्येतीचं कारण देऊ."

"तब्येत ठणठणीत आहे."

"मग जरा बिघडवा की! कंपनीसाठी एवढंही नाही करणार?"

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग मी खरं काय हवं ते सांगितलं. माझं नाव काढून भागणार नव्हतं. चौदावं कलम काढायचं होतं. दोन्ही बाजूंचे मिळून आम्ही बारा प्रशिक्षक होतो, आणि बाराही जण सोमवारपासून दुसऱ्या बाजूच्या विमानांत प्रमुख म्हणून उभे राहणार होते. माझा सोडला तर त्यांच्यातल्या एकाचाही हात कोणी धुरात पाहिलेला नव्हता.

"त्यांच्यापैकी कोणी तक्रार केलीय?"

"त्यांची लिफ्ट अडकलेली नाही अजून."

साहेबांना लिफ्टचं माहीत नव्हतं, त्यांनी विचारलंही नाही. त्यांना तारखा दिसत होत्या. "बाई, हे कलम तुम्हीच लिहिलंत. मी नाही, त्या घंटीने नाही. तुम्ही म्हणालात, जो शिकवतो तो शिकलेलाच असतो. मला पटलं. अजूनही पटतंय." हे मला लागलं, आणि त्यांनी लागावं म्हणूनच म्हटलं होतं. मी म्हटलं, "मी चुकीचं लिहिलं." तीनच शब्द. बावीस वर्षांत या इमारतीत मी ते म्हटलेले नव्हते, कारण वेळच आली नव्हती. तोंडात ते मला वाटले होते त्याहून लहान निघाले. साहेबांनी चष्मा परत लावला आणि म्हणाले, कलम रद्द करायला दोन्ही मुख्य प्रशिक्षकांची सही लागते. तुमची झाली. दुसरी आणा, मग सोमवारचं बघतो. त्यांना खात्री होती की दुसरी येणार नाही. घंटीने सही केली नाही तर सोमवारचं विमान तिचं, फोटो तिचा, खुर्ची तिची. केली तर तिलाही धुरात बसायचं होतं, आमच्या दारासमोर, जिथे ती पडूही शकली असती.

मी कागद घेऊन हॉलमध्ये आले. घंटी मुलींना घसरगुंडीवर उडी मारायला शिकवत होती, "हात छातीवर! प्रेमपत्र लपवल्यासारखे! हां!" सगळ्या हसत होत्या आणि सगळ्या बरोबर उड्या मारत होत्या. मी बाजूला उभी राहिले. खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात आलं की हिने नाही म्हणावं. नाही म्हटली असती तर मी माझं केलं असं म्हणत घरी गेले असते, साहेबांनी गुपचूप माझं नाव काढलं असतं, आणि मी माझ्या नेमाला धरून, स्वच्छ राहिले असते. फार आरामाची जागा होती ती. तुकडी पाणी प्यायला गेली. घंटी आली, तिने उभ्याउभ्याच कागद वाचला, केसांतलं पेन काढलं आणि माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. इतक्या पटकन की मला पेनचं टोक पाठीत जाणवलं.

"ताई, तुमच्या देवभक्तीपायी माझा फोटो गेला."

"तुम्ही विचारसुद्धा केला नाहीत."

"केला की. काल तुम्ही गेल्यावर मी तुमच्या खोक्यात गेले होते. एकटी. दार उघडलं."

"मग? चुकलं?"

"छे! बरोबर उघडलं. दहा वेळा."

"मग सही का केलीत?"

तिने पेन परत केसांत खोचलं. "धुराचं यंत्र तिथेच होतं, ताई. बटण दाबायची माझी छाती झाली नाही."

पहिलं उड्डाण नऊ दिवस पुढे गेलं. साहेब तीन दिवस माझ्याशी फक्त 'हं' एवढंच बोलले. बारा प्रशिक्षक आपापल्या विद्यार्थ्यांदेखत रांगेत उभे राहिले आणि एकेक जण दुसऱ्यांच्या धुरात गेला. सात जण पहिल्या फेरीत पास झाले, पाच नाही. घंटी आमच्या दारावर पहिल्याच फेरीत पास झाली, सव्वा सेकंद, आणि बाहेर आल्यावर गादीवर आडवी पडून हसत सुटली. पाचांत मी होते. मी शिडीच्या तुकडीच्या मागे रांगेत उभी राहायला लागले. पहिल्या दिवशी मुली बाजूला झाल्या, "बाई, तुम्ही पुढे या ना." मी म्हटलं, रांग म्हणजे रांग. दुसऱ्या दिवशी शिडी मागे वळून माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, बाणाकडे बघा हं, नाहीतर ओरडतील," आणि मग स्वतःच घाबरली. मी तिला म्हटलं, बरोबर आहे तुझं. रोज तुकडी गेल्यावर मी शंभर वेळा दांडा फिरवायची. मोजत, पण घाईने नाही. प्रत्येक वेळी बाण पूर्ण बघायचा, त्याचं टोक कुठे आहे, रंग कुठे उडालाय, मग हात लावायचा. सुरुवातीला हात वैतागायचा, मागे राहिल्यासारखा ओढायचा, मग हळूहळू माझ्याबरोबर चालायला लागला. घरी सकाळी माळेलाही आता दीड तास लागतो. हे चहा स्वतः करतात आणि साखर जास्त घालतात. तिसऱ्या फेरीला मी पास झाले. घंटी ओरडली, "दीड!" आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी साहेबांनी खुर्चीचं पत्र घंटीला दिलं. कारण योग्य होतं, मी त्यांच्या जागी असते तरी तिलाच दिलं असतं. तरी गल्लीतून जाताना माझ्या फोटोकडे मी बघितलं नाही, आणि दोन दिवस जेवणाला चव लागली नाही. ह्यांनी एकदाच विचारलं, "चावली का जीभ?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "आता बरी होईल." आणि झालीही.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी दोन्ही दारं एकेकदा उघडून दाखवायची होती. त्यांचं दार मी उघडलं, सव्वा सेकंद, घंटीने भुवया उंचावल्या. मग आमचं. आमच्या खोक्यात शिरताना मी जवळजवळ गुणगुणत होते. पट्टा, अंधार, साखरेचा वास, भोंगा, "बाहेर! बाहेर!" खिडकी, आग नाही, आणि हात दांड्यापाशी पोचला. आणि थांबला. माझ्या दारापाशी, ज्या दाराने त्रेसष्ट माणसं वाचवली तसल्याच दारापाशी, माझा हात थांबला आणि त्याने मला विचारलं, कुठलं आहे हे? वर की वळसा? तो आधी कधी विचारत नव्हता. आता तो दोन्ही जाणत होता, म्हणून एकही धरून चालत नव्हता. मी त्याला सांगितलं, वर. त्याने उचललं. दार उघडलं.

घंटी घड्याळाकडे बघत वर आली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "ताई, पावणेदोन. तुमच्याच दाराला?"

"पास आहे ना?"

"पास आहे. पण तुम्ही याच दाराला अर्धा सेकंदसुद्धा लावत नव्हता. तेवढ्यासाठी लोक बघायला यायचे."

"आता लागेल. सगळ्यांनाच लागेल, दोन्ही दारं शिकलेल्या प्रत्येकाला. तुम्हालाही, बघा उद्या." मी पायरीवर बसले. मला वाईट वाटत नव्हतं. मला स्पष्ट दिसत होतं. "एक कलम घालायला हवं. महिनाभर एक माणूस एकाच प्रकारच्या विमानात. सकाळी हे दार आणि दुपारी ते, असं नाही. आणि बदलताना परत धूर."

"साहेब रडतील."

"रडू दे. तुम्ही मुख्य आहात, तुम्ही सांगा त्यांना. मी लिहून देते."

"तुम्हीच लिहा," ती म्हणाली. "पण या वेळी आधी मी वाचणार." आणि कागद आणायला टाचा वाजवत गेली.

हॉलमध्ये कोणी नव्हतं. धूर खाली बसत होता, दिवे लागलेले होते. मी उठून दार परत बंद केलं आणि त्याच्यासमोर उभी राहिले. दांड्याच्या वर, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, लाल पट्टीत पांढरी अक्षरं होती. बावीस वर्षं ती तिथे होती. 'दांडा पूर्ण वर उचला.' वाचलं. एकदा ओठांत म्हटलं, एकेक शब्द, सावकाश. मग उचलला.